आधी टेबलावरचा मोबाईल

तेराही तालुक्यांतून आलेल्या शिक्षकांसमोर अध्यक्षाने जिल्ह्याच्या शिक्षणाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. पटसंख्या, रिक्त पदे, जुनी पेन्शन हे सगळे आपल्या हातातल्या अहवालात आहे, ते वाचून दाखवत नाही. सकाळच्या परिसंवादात ‘वर्गात विद्यार्थ्यांना मोबाईल असावा का’ यावर घमासान झाले. बंदीवाले बोलले, मुभावाले बोलले, पण शिक्षकाच्या हातातल्या मोबाईलचे नाव कोणी काढले नाही. मला त्यावरच बोलायचे आहे.

विद्यार्थ्यांपुरते माझे मत सरळ आहे: तास चालू असताना मोबाईल नको. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांचा 2015 साली अभ्यास झाला. मोबाईलबंदीनंतर गुण वाढले ते अभ्यासात मागे पडलेल्या मुलांचे. हुशार मुलांना फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला तेव्हा मात्र काहीच परिणाम दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे बंदी हा रामबाण नव्हे. तरीही मी बंदीच्या बाजूने आहे, कारण फायदा झालाच तर तो मागच्या बाकाचा होतो, आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बाक बहुतेक मागचेच असतात. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरलेली मुले 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. तेव्हा मोबाईल शिकवायला शाळेची गरज उरलेली नाही. शाळेची गरज आहे ती तो बाजूला ठेवायला शिकवण्यासाठी.

आणि इथेच आपले पितळ उघडे पडते. 3 मार्च 2023 रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने परीक्षा सुरू होण्याआधीच व्हॉट्सॲपवर फिरली. ती फिरली आपल्या सिंदखेडराजा तालुक्यातून. परीक्षा दालनात विद्यार्थ्याला मोबाईल नेता येत नाही. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत मात्र शिक्षक होते. जिजाऊंच्या जन्मगावाचे नाव विधिमंडळात गाजले ते असे. बंदी मुलांवर होती आणि फोटो मोठ्यांनी काढला, एवढी एक गोष्ट वर्षभराच्या परिसंवादांपेक्षा जास्त सांगते. हे चार नासक्यांचे काम, म्हणून सोडून देता येईल. पण रोजच्या, सभ्य, शासनमान्य मोबाईलचे काय? नोव्हेंबर 2016 मध्ये शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांसह सेल्फी काढून अपलोड करण्याचा आदेश निघाला होता. ओरड झाली आणि तो लांबणीवर पडला. सेल्फी टळली, पण वृत्ती मुरली. डिसेंबर 2023 पासून हजेरी स्विफ्टचॅट ॲपच्या बॉटवर आली. पोषण आहाराचा आकडा ॲपवर, उपक्रमाचा फोटो केंद्राच्या ग्रुपवर, लिंक ‘आजच भरा’. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसलेले असतात, फळ्यावर भागाकार अर्धा असतो आणि गुरुजी खिडकीशी हात उंच करून रेंज शोधत असतात. पोरे ते बघतात. मोबाईल हे मोठ्या माणसाचे महत्त्वाचे काम असते, हा धडा त्यांना कोणी न शिकवता पाठ होतो.

आता आक्षेप. पहिला असा की पाठ्यपुस्तकातच क्यूआर कोड आहेत, मग मोबाईल नको कसा? पाठाचा कोड एकदा शाळेच्या पडद्यावर उघडला की वर्गाचे भागते. त्यासाठी चाळीस खिशांत चाळीस फोन लागत नाहीत. उलट कोणाकडे कुठला फोन, यावरून वर्गात नवी उतरंड मात्र लागते. दुसरा आक्षेप वजनदार आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या बसने चिखली-मेहकरला येणाऱ्या मुलीशी पालकांना संपर्क हवा असतो. बस चुकली तर ती काय करील? रास्त आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सरसकट बंदी नाकारताना सुरक्षिततेचाच मुद्दा मानला आणि शक्य तिथे फोन शाळेत जमा करून घ्या असे सुचवले. प्रवासाला फोन असू द्या, तासाला कपाटात. तिसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा: वरिष्ठांचा निरोप वेळेत पाहिला नाही तर नोटीस येते. ही भीती खोटी नाही. पण शिक्षक संघटना म्हणवणाऱ्यांनी बदल्यांसाठी जेवढे मोर्चे काढले, त्यातला एक तरी तासिकेच्या वेळेत माहिती मागू नका म्हणून काढला का? नाही काढला. ग्रुपवर अंगठा दाखवून मोकळे झालो.

म्हणून ठराव समितीला एक ठराव घालायला सांगितले आहे: शाळेच्या वेळेत ऑनलाइन माहिती मागवू नये, हजेरीचे यंत्र शाळेत एकच असावे, आणि शिक्षकाचा फोन मुलांच्या फोनबरोबर त्याच कपाटात जावा. मसुदा अजून कच्चा आहे. कपाटाची किल्ली कोणाकडे, यावर आताच तीन मते आहेत. एकशिक्षकी शाळेचे काय, हे जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या मित्रांनी सांगायचे आहे. दुपारच्या सत्रात बसू या.