उसनी ढाल



४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी उत्तर अटलांटिक करारावर स्वाक्षऱ्या केल्या. एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल, हे त्या कराराचे पाचवे कलम म्हणजे ‘नाटो’चा प्राण होय. महायुद्धात होरपळलेल्या पश्चिम युरोपला मार्शल योजनेद्वारे सुमारे १३ अब्ज डॉलर्सचे साहाय्य मिळत होतेच. आता संरक्षणाची हमीही महासागरापलीकडून आली. या आधाराचे मोल कोणी नाकारू नये. परंतु ढाल उसनी घेणाऱ्याला आपल्या निर्णयस्वातंत्र्याचा किती अंश गहाण टाकावा लागतो, हा प्रश्न त्याच दिवशी जन्माला आला आणि तो आजही सुटलेला नाही.

या प्रश्नाचे पहिले कठोर उत्तर १९५६ साली सुएझच्या काठावर मिळाले. २६ जुलै रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुप्तपणे योजना आखून इजिप्तवर चढाई केली. इजिप्तची बाजू न्याय्य होती. भारतानेही त्या आक्रमणाचा निषेध केला होता. म्हणून आक्रमकांविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो त्यांना रोखले गेले कसे, याचा.

त्यांना रोखले ते शत्रूने नव्हे, मित्राने. अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ही चढाई मुळीच मान्य नव्हती. पौंड घसरणीला लागला होता, ब्रिटनची परकीय गंगाजळी आटत होती आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मिळणाऱ्या मदतीच्या किल्ल्या अमेरिकेच्या हाती होत्या. युद्ध थांबल्याखेरीज मदत नाही, हा संदेश पुरेसा ठरला. ५ नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक उतरले आणि ६ नोव्हेंबरला ब्रिटनने शस्त्रसंधी मान्य केली. जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन पायउतार झाले. जे काम तोफांना करावे लागले नाही, ते खजिन्याने केले.

इतिहासाचे मर्म पुढेच आहे. अपमान एकच, परंतु त्यातून दोन राष्ट्रांनी दोन भिन्न धडे घेतले. ब्रिटनने ठरविले की, यापुढे अमेरिकेपासून दूर जायचे नाही. डिसेंबर १९६२ मध्ये नासाऊ येथे झालेल्या समझोत्यानुसार ब्रिटनने आपल्या अण्वस्त्रांसाठी अमेरिकेची पोलारिस क्षेपणास्त्रे स्वीकारली. फ्रान्सने नेमका उलटा निष्कर्ष काढला. १३ फेब्रुवारी १९६० रोजी सहाराच्या वाळवंटात त्याने पहिला अणुस्फोट घडवून आणला. मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष द गॉल यांनी अध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहून फ्रान्स नाटोच्या एकत्रित लष्करी व्यवस्थेतून बाहेर पडत असल्याचे कळविले. परकीय तळ हलविण्यात आले आणि नाटोची मुख्यालये बेल्जियममध्ये गेली.

परंतु द गॉल यांनी करार मोडला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात ते निःसंदिग्धपणे अमेरिकेच्या पाठीशी उभे राहिले होते. मैत्री असावी, अधीनता नसावी, एवढाच त्यांचा आग्रह होता. फ्रान्स २००९ मध्ये लष्करी व्यवस्थेत परतला, तरी आपली अण्वस्त्रे मात्र त्याने स्वतःच्याच आज्ञेत ठेवली.

या दोन धड्यांची कसोटी २००३ मध्ये लागली. त्याआधी, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी नाटोने पाचवे कलम प्रथमच लागू केले होते. युरोपच्या रक्षणार्थ लिहिलेले कलम अमेरिकेच्या साहाय्यार्थ उपयोगी पडले! पण इराकचा प्रश्न वेगळा होता. ब्रिटन अमेरिकेसमवेत युद्धात उतरला. फ्रान्स आणि जर्मनी यांनी विरोध केला. शांततेचे सर्व मार्ग संपण्याआधीच युद्ध पत्करले गेले, असा निष्कर्ष पुढे २०१६ मध्ये ब्रिटनच्याच चिलकॉट चौकशी समितीने नोंदविला. ‘नाही’ म्हणणाऱ्या राष्ट्रांची अमेरिकेशी मैत्री तुटली नाही आणि ‘होय’ म्हणणाऱ्याला युद्धाची दिशाही ठरविता आली नाही.

युरोपातील अनेक राष्ट्रांनी मात्र यातून बोध घेतला नाही. शीतयुद्ध संपताच संरक्षणखर्च आटत गेला. जर्मनी सुरक्षेसाठी अमेरिकेवर आणि इंधनासाठी रशियावर विसंबून राहिला. २०२१ मध्ये त्याच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक रशियाकडून येत होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि दोन आधारांपैकी एक कोसळला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्तवार्तांची देवाणघेवाण काही दिवस रोखली, तेव्हा दुसरा आधारही हलू शकतो, हे दिसून आले. त्याच वर्षी जूनमध्ये हेग येथे नाटो राष्ट्रांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम संरक्षण व तत्संबंधित बाबींवर खर्च करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. जे स्वेच्छेने तीस वर्षांत करता आले असते, ते धास्तीपोटी दहा वर्षांत करण्याची पाळी आली.

हा धडा महाराष्ट्राच्या भूमीवरही गिरवला गेला आहे. तारापूरची अणुभट्टी अमेरिकेच्या साहाय्याने उभी राहिली आणि १९६९ मध्ये वीज देऊ लागली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाचा पुरवठा आवळत नेला. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यावे, असा मार्ग निघाला. मे १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा फ्रान्सने तो मार्ग अनुसरला नाही. स्वतःचा निर्णय स्वतः घेणारे राष्ट्रच इतरांच्या स्वातंत्र्याची बूज राखू शकते.

याचा अर्थ मैत्री नकोच, असा नव्हे. एकट्याने सर्व काही साधेल, हा अहंकार द गॉल यांच्या फ्रान्सलाही परवडला नाही. परंतु दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. ओंजळ कितीही मायेची असली, तरी ती केव्हा मिटावयाची, हे ठरविणारा हात दुसऱ्याचा असतो. विहीर आपल्या अंगणात खणावी लागते आणि ती तहान लागण्यापूर्वी खणावी लागते.