मेंढीच्या बदल्यात



सप्टेंबर 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीतली दहाएक वर्षांची मुलगी दगावली. नगर जिल्ह्यातल्या एका मेंढपाळाकडे ती राबत होती. श्रमजीवी संघटनेनं प्रकरण लावून धरलं आणि तिच्यासारखी आणखी मुलं उजेडात आली. मोबदला काय, तर काही हजार रुपये नाहीतर एखादी मेंढी. आपण सगळे त्या मेंढीपाशीच अडकलो. एवढ्या स्वस्तात मूल दिलं? जणू भाव जास्त मिळाला असता तर चाललं असतं!

गुलामगिरीसारख्या प्रथांविरुद्ध 1956 साली संयुक्त राष्ट्रांचा एक करार झाला. भारतानं तो 1960 मध्ये मान्य केला. त्यात भावाला जागाच नाही. अठराच्या आतलं मूल राबवून घेण्यासाठी आईबापांनी दुसऱ्याच्या हवाली केलं, की झाली ती गुलामगिरीसारखी प्रथा. मोबदला मिळो वा न मिळो.

त्याच्याही आधी, 1933 मध्ये, इंग्रज सरकारनं मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्ध कायदा केला होता. दंड पालकाला पन्नास रुपयांपर्यंत, राबवणाऱ्याला दोनशेपर्यंत. रक्कम आज हसण्यासारखी वाटते, पण जास्त दोष कुणाचा हे तेव्हाही कळत होतं. आपण मात्र आधी आईला विचारतो, "कसं गं दिलंस?" घरात दाणा नाही, हातात जमीन नाही, वीटभट्टीची उचल अंगावर, तिनं काय उत्तर द्यावं?

बालहक्क करार 1989 चा. भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला, पण मुलांच्या मजुरीबद्दलच्या 32 व्या कलमावर आपण सांगून ठेवलं, की हे टप्प्याटप्प्यानं करू. चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवण्यावर सरसकट बंदी यायला 2016 उजाडलं, आणि तीही घरच्या धंद्याला सूट ठेवून.

वस्तीवर सांगायला हवी ती गोष्ट वेगळीच. वेठबिगारीची उचल फेडावी लागत नाही. 1976 च्या कायद्यानं ते कर्ज संपलेलं आहे. मूल सोडवून आणलं, की प्रशासनाकडून मुक्तीचा दाखला मागून घ्या. पुनर्वसनाची मदत त्यावर अडते. आणि कुणाच्या मेंढ्यांमागं अनोळखी पोर दिसलं, तर मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा क्रमांक फिरवा. त्याला पैसे पडत नाहीत.