एका माणसापुरतं वॉफल

(भागाचा लिखित मसुदा. गाडी चालवताना किंवा लोकलमध्ये ऐकणाऱ्यांना मापं लिहून घेता येत नाहीत, म्हणून मापं खाली वेगळी दिली आहेत.)

आजचा भाग खाण्यावर आहे, आणि त्यातही एका माणसाच्या खाण्यावर. म्हणजे घरात तुम्ही एकटेच आहात, संध्याकाळचे साडेसात वाजलेत, मेट्रोतून उतरून घरी पोचलाय आणि काहीतरी गरम, गोड, कुरकुरीत खायचंय. अशा वेळी एक वॉफल, एकच, शून्यापासून घरी कसं करायचं ते आज बघू.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरवाली बाई वॉफल का शिकवतेय? तर मी अंधेरीला राहते, एकटी राहते, आणि गेली काही वर्षं माझ्यासमोर एकच तांत्रिक प्रश्न आहे: जगातल्या सगळ्या पाककृती चार माणसांसाठी का लिहिलेल्या असतात? चारने भागायला गेलं की लगेच अडतं. दोन अंड्यांना चारने भागा, अर्धं अंडं. पाव चमचा सोड्याला चारने भागा, ते कशाने मोजणार?

आणि दुसरी अडचण मापाची नाही, मनाची आहे. आई फोनवर विचारते, ‘जेवलीस का?’ मी सांगते, अमुक केलंय. त्यावर पुढचं वाक्य ठरलेलं: ‘एकटीसाठी कशाला गं एवढा घाट घातलास?’ ती काळजीनेच बोलते. पण त्या वाक्यात एक गृहीतक आहे, की घाट घालायचा तो दुसऱ्यांसाठी. माझ्या ओळखीतल्या एकट्या राहणाऱ्या कितीतरी मुली, मुलंसुद्धा, रात्री ओट्यापाशी उभ्यानेच काहीतरी खाऊन घेतात. भूक भागते, पण त्याला जेवण म्हणता येत नाही.

खरं तर मुंबईने एकट्या माणसाच्या पोटाचा प्रश्न फार आधीपासून हाताळलाय. डबेवाल्यांची व्यवस्था १८९० पासूनची, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली. एका माणसाचा, त्याच्याच घरचा डबा त्याच्यापर्यंत पोचवायचा, एवढंच काम, पण सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं टिकलेलं. गिरण्यांच्या काळात गावी कुटुंब ठेवून आलेले कामगार खानावळवाल्या बायकांकडे जेवायचे. घरातच पोळी-भाजी करून दहा-पंधरा जणांना जेवू घालायचं, महिन्याचे पैसे घ्यायचे. त्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आता गिरण्या गेल्या. आमच्या अंधेरीत सीप्झ आहे, एमआयडीसी आहे, साकीनाक्यापर्यंत काचेच्या इमारती आहेत, आणि खानावळीची जागा फोनमधल्या ॲपने घेतली आहे. गंमत म्हणजे या सगळ्या इतिहासात एकट्या माणसासाठी कुणीतरी दुसरंच रांधतंय. एकट्याने स्वतःसाठी रांधायचं, हा भाग राहूनच गेला.

बरं, मग वॉफलच का? कारण हा पदार्थ मुळातच एकेक करून होणारा आहे. साच्यात एका वेळी एक. घावनासारखंच. आपल्याकडे घावन करणारी बाई तव्यापाशी उभी राहते, बाकीचे गरमगरम खातात, आणि ती शेवटी उरलेलं, गार झालेलं खाते. एका माणसाच्या वॉफलमध्ये जो करतो त्यालाच पहिलं आणि सगळ्यात गरम मिळतं. मला हे फार आवडतं.

दुसरं कारण शुद्ध विज्ञानाचं आहे. वॉफल हा पार्सलने मागवण्याचा पदार्थच नाही. साच्यातून निघाल्यावर त्याच्या आतला ओलावा वाफ होऊन बाहेर येत असतो. बंद खोक्यात ती वाफ अडकते, झाकणाला लागून पाणी होते आणि परत वॉफलवर पडते. पंधरा-वीस मिनिटांत बाहेरचा कुरकुरीत थर मऊ. त्यात आपली मुंबईची हवा, जुलै-ऑगस्टमध्ये तर उघडा ठेवलेला पापडसुद्धा तासाभरात वाकतो. दुकानदार कितीही चांगला असला तरी याला काही करू शकत नाही. साचा ते ताट हे अंतर चार पावलांचं असेल, तरच वॉफल वॉफल राहतं.

थोडा इतिहास सांगते आणि मग कामाला लागू. वॉफल युरोपातलं, शेकडो वर्षं जुनं. लांब दांड्याच्या दोन लोखंडी पट्ट्या, बिजागरीने जोडलेल्या, मध्ये पीठ घालायचं आणि चुलीवर दोन्ही बाजूंनी फिरवायचं. ओळखीचं वाटतंय? स्टेशनबाहेर आपला सँडविचवाला टोस्ट करतो तो लांब दांड्याचा टोस्टर आठवा, तीच रचना. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टहाउट यांना २४ ऑगस्ट १८६९ रोजी शेगडीवरच्या वॉफल साच्याचं पेटंट मिळालं. आणि ‘बेल्जियन वॉफल’ हे नाव जगभर पसरलं ते १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनानंतर. खुद्द बेल्जियममध्ये असं एकच वॉफल नाही. ब्रसेल्सचं हलकं, चौकोनी असतं. लिएजचं जाड, यीस्टच्या कणकेचं, आत साखरेचे खडे असलेलं. आपल्याकडे मुंबईत २०१५ नंतर वॉफलची दुकानं दिसायला लागली, आणि आपण त्याला लगेच ‘एगलेस’ करून टाकलं.

आता मुख्य भाग. प्रत्येक वेळी पाच डब्या काढायच्या, चिमूटभर हे, पाव चमचा ते, हे एकट्या माणसाच्याने रोज होत नाही. म्हणून कोरडं मिश्रण एकदाच दहा वेळांचं करून ठेवायचं. सोडा पाव चमच्याच्याही खाली मोजायची भानगड इथेच संपते.

दहा वॉफलचं कोरडं मिश्रण:
मैदा ४०० ग्रॅम
कॉर्नफ्लॉर १०० ग्रॅम
पिठीसाखर ८० ग्रॅम
बेकिंग पावडर २० ग्रॅम
खाण्याचा सोडा ३ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा टीस्पून

सगळं दोनदा चाळायचं, कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवायचं. महिन्याभरात संपवा. पावसाळ्यात बरणी फ्रिजमध्ये ठेवलेली बरी, कारण बेकिंग पावडरला ओल लागली की तिचं काम बरणीतच होऊन जातं. शंका आली तर नुसती बेकिंग पावडर अर्धा चमचा गरम पाण्यात टाका. फसफसली तर चालू आहे.

एका वॉफलसाठी:
कोरडं मिश्रण ६० ग्रॅम (मोजायच्या कपाने अर्धा कप)
दही ३० ग्रॅम (दोन टेबलस्पून)
दूध ५० मिली
वितळलेलं लोणी १५ ग्रॅम (एक टेबलस्पून)

बाजारचं खारं बटर घेतलंत तर वेगळं मीठ नको. घरचं लोणी असेल तर चिमूटभर मीठ घाला. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या, एवढाच माझा आग्रह. आपल्याकडे वाटी म्हणजे काय हे प्रत्येक घरात वेगळं असतं.

आता कोण काय करतंय ते बघू. मैद्यातल्या ग्लुटेनने आकार धरून ठेवला जातो. कॉर्नफ्लॉरमध्ये ग्लुटेन नसतं, त्यामुळे वॉफल चिवट न होता कुरकुरीत होतं. त्याऐवजी तांदळाचं पीठ घेतलं तरी चालतं, थोडं जास्त खुसखुशीत लागतं. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बेकिंग पावडर उरलेलं काम गरम साच्यात करते. लोण्याने आतला भाग मऊ राहतो आणि बाहेरचा थर खरपूस होतो. साखर गोडीसाठी कमी आणि रंगासाठी जास्त आहे.

अंड्याचं काय? अंडं चालत असेल तर एक अंडं फोडून फेटा आणि त्यातलं दीड टेबलस्पून घ्या, म्हणजे अर्धं अंडं झालं. मग दही एकच टेबलस्पून. उरलेलं अंडं झाकून फ्रिजमध्ये, सकाळच्या आम्लेटात. अख्खं अंडं एवढ्याशा पिठात घातलंत तर चव आम्लेटाकडे झुकते.

कृती. आधी मशीन लावा, मग पीठ कालवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. मशीन पूर्ण तापायला चार-पाच मिनिटं लागतात, दिवा लागेपर्यंत थांबा. तोवर दही, दूध, लोणी एकत्र फेटा. दही-दूध फ्रिजमधून थेट काढू नका, लोणी गोठून गुठळ्या होतात. त्यात कोरडं मिश्रण घाला आणि चमच्याने दहा-बारा वेळा फिरवा, बस. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. जास्त घोटलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि वॉफल रबरासारखं होतं. पीठ घावनापेक्षा घट्ट आणि भज्यांपेक्षा सैल हवं, इडलीच्या पिठाच्या जवळपास. पाच मिनिटं तसंच ठेवा.

साच्याला तेलाचं बोट फिरवा. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश करपून चिकटतो. पीठ मध्यभागी ओता, कडेला अर्धा इंच जागा सोडा, झाकण लावा. आणि आता खरी परीक्षा: झाकण उघडायचं नाही. अर्धवट असताना उघडलं तर वॉफल मधून फाटतं, अर्धं वर, अर्धं खाली. मग कळणार कसं? वाफेवर लक्ष ठेवा. सुरुवातीला कडेने भसाभस वाफ येते. ती जवळजवळ थांबली की आतलं जादा पाणी गेलेलं असतं. पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशाच्या आसपास अडकतं. पाणी गेलं की पृष्ठभाग त्याच्या वर जातो आणि एकशे चाळीसच्या पुढे तो तपकिरी रंग, तो भाजका वास जोरात यायला लागतो. मायार अभिक्रिया म्हणतात तिला. आपली भाकरी, खरपूस थालीपीठ, भाजलेला रवा, सगळीकडे तीच. माझ्या ७५० वॅटच्या मशीनमध्ये हे साडेचार ते पाच मिनिटांत होतं.

लाकडी उलथन्याने काढा आणि ताटात ठेवू नका! ताटात ठेवलं की खालून घाम येतो. पापड भाजायची जाळी असते ना घरात? तिच्यावर एक मिनिट ठेवा. सगळीकडून हवा लागते.

मशीन नसेल तर? मुद्दाम विकत घ्यायलाच हवं असं नाही. हेच पीठ आप्पेपात्रात मंद आचेवर घाला, दोन्ही बाजूंनी भाजा. डेन्मार्कमध्ये एबलस्कीवर नावाचे गोळे अगदी आपल्या आप्पेपात्रासारख्याच भांड्यात करतात, त्यामुळे युरोपलाही काही आक्षेप नसावा. आणि मशीन असेल तर ते गोडापुरतं ठेवू नका. उपासाला साबुदाणावड्याचं मिश्रण त्यात घालून बघा, तळणीचं तेल वाचतं.

वरून काय? मेपल सिरपची बाटली महाग, आणि एकट्या माणसाची ती संपता संपत नाही. काकवी घ्या, किंवा गूळ आणि तूप एकत्र गरम करा. एक वेलची केळं कापा. ते एका माणसाच्या मापाचंच फळ आहे. मे महिन्यात हापूसच्या दोन फोडी. बस झालं.

हिशोब सांगते, सवयीने. वस्तूंचे माझ्याकडे वीसेक रुपये होतात, त्यातलं मोठं वाटेकरी लोणी. वीज दहा मिनिटांची, म्हणजे युनिटचा आठवा भाग. वेळ पंधरा मिनिटं. धुवायला एक वाडगा, एक चमचा, एक ताटली.

पण पैसे वाचतात म्हणून करा, असं मी म्हणणार नाही. बाहेरून मागवण्यात काही वाईट नाही, मीही मागवते. मुद्दा एवढाच, की ‘एकटीसाठी कशाला’ या प्रश्नाला उत्तर असायला हवं. माझं उत्तर मी आईला दिलंय: जी जेवणार आहे तीही घरातलंच माणूस आहे. त्यावर आई जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘बरं, मग बसून खा.’ तेवढी एक सूचना या पाककृतीत जोडून घ्या. बसून खा. फोन बाजूला ठेवून.

तुमच्याकडे एका माणसापुरती, मोजूनमापून केलेली अशी कुठली पाककृती असेल, गोड, तिखट, उपासाची, कशीही, तर मापांसकट पाठवा. ‘अंदाजाने घालते’ चालणार नाही, ग्रॅममध्ये हवं! पुढच्या भागात त्यातल्या तीन-चार मी स्वतः करून बघेन आणि कशा झाल्या ते सांगेन. तोपर्यंत काळजी घ्या, नीट जेवा. भेटू.