विहिरीच्या तळाशी कोण राहते?

उन्हाळ्याच्या अखेरीस नदीचे पात्र कोरडे पडले म्हणजे गावोगावच्या बायका वाळूत हातभर खड्डा करतात आणि त्यात झिरपून आलेले स्वच्छ पाणी वाटीवाटीने घागरीत भरतात. असा झिरा पाहिला म्हणजे मनात दोन समजुती सहज रुजतात. पहिली ही की, भूमी पाणी गाळून शुद्ध करते. आणि दुसरी ही की, त्या खालच्या काळोखात पाण्याखेरीज काही नसते. पहिली समजूत निम्मीच खरी आहे. दुसरी मुळीच खरी नाही.

पहिल्या समजुतीची परीक्षा जर्मनीत फार पूर्वी झाली. त्या देशाच्या दक्षिण भागात इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडीच्या खडकातील फटींतून जमिनीत शिरते, आणि वर्षातील कित्येक दिवस पुढचे पात्र कोरडे राहते. ते पाणी आख नावाच्या दुसऱ्या नदीला मिळते की काय, यावरून दोन्ही काठांच्या कारखानदारांत तंटा होता. १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ आडोल्फ क्नोप यांनी त्या फटींत १० किलो रंगद्रव्य, कित्येक टन मीठ आणि उग्र वासाचे तेल सोडले. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटर दूर असलेल्या आख नदीच्या उगमाचे पाणी हिरवे झाले, खारट लागू लागले आणि त्याला तेलाची चवही आली. म्हणजे भूमीने काहीच गाळले नव्हते. बारीक वाळूतून पाणी सावकाश उतरते तेव्हा पुष्कळ घाण मागे राहते हे खरे. परंतु फटींच्या आणि भोकांच्या खडकातून ते जवळजवळ नळातून यावे तसे येते.

मग पाणी बिघडले हे ओळखावे कसे? रसायनशाळेत पाठविलेली बाटली ज्या घटकेला भरली त्या घटकेपुरतीच साक्ष देते. ओढ्यात काल रात्री सोडलेले सांडपाणी सकाळी वाहून गेलेले असते. परंतु ओढ्यातील जीव तेथेच राहतात, आणि जे घडले ते सोसतात. हे सूत्र धरून कोल्क्विट्स आणि मार्सोन या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये जलचर प्राण्यांची वर्गवारी प्रसिद्ध केली. कोणता प्राणी किती घाण सहन करतो, हे तिच्यावरून कळते. खळाळत्या ओढ्यातील दगड उलटा करून पाहावा. वाळूच्या कणांचे कोश विणून त्यांत राहणाऱ्या अळ्या, किंवा पंख फुटल्यावर जेमतेम एखादा दिवस जगणाऱ्या माश्यांची चपटी पिल्ले तेथे दिसली, तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे असे समजावे. त्यांच्या जागी केवळ तांबड्या अळ्या वळवळताना दिसल्या, तर पाणी गुदमरलेले आहे. या अळ्यांच्या रक्तात आपल्याप्रमाणेच प्राणवायू धरून ठेवणारे तांबडे द्रव्य असते. म्हणूनच जेथे इतर जीव मरतात तेथे त्या तग धरतात.

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. कोकण, गोवा आणि मलबार या पट्ट्यात जांभ्या दगडाची भूमी आहे. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन यांनी या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते मलबारातील अंगडीपुरम येथील दगडावरूनच. जांभा भोकाभोकांचा असतो, आणि त्या पोकळ्यांत पाणी साठते. १९५० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ए. जी. के. मेनन यांनी केरळातील कोट्टयमच्या विहिरींतून मिळालेल्या एका माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. बोटाहूनही लहान असा हा मासा रक्तासारखा तांबडा आहे, आणि त्याला डोळे नाहीत. जेथे प्रकाशच नाही तेथे डोळ्यांचे प्रयोजन काय? याच कुळातील आणखी एका माशाला २०२३ मध्ये ‘पॉप्युली’, म्हणजे ‘लोकांचा’, असे नाव देण्यात आले. कारण भूगर्भातील हे जीव शोधण्याच्या कामी केरळातील सामान्य नागरिकांनी संशोधकांना मोलाचे साहाय्य केले होते.

भूमिगत पाण्यातील जीवांत असे मासे थोडे. केसाएवढे बारीक, पांढरे, कोळंबीच्या जातीचे प्राणी पुष्कळ. वाळूच्या कणांवर वाढणारे सूक्ष्म जंतू सडका अंश पचवितात, आणि हे प्राणी त्या जंतूंचा थर खाऊन पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवतात. भूमी पाणी गाळते असे आपण म्हणतो, त्यात या कामकऱ्यांचाही वाटा असतो. मात्र त्यांचे जीवन अतिशय मंद असते. अन्न तुटपुंजे, अंडी मोजकी, वाढ सावकाश. ओढ्यातील माशी दुसऱ्या ओढ्यावरून उडत येऊन पुन्हा वस्ती करू शकते. पाताळातील जीवाला अशी वाट नाही. तेथील पाणी एकदा विषारी झाले तर ते स्वच्छ व्हायला कित्येक दशके लागू शकतात, आणि जे जीव त्या एका टापूतच राहतात ते कायमचे नष्ट होतात.

यात एक अवघड पेचही आहे. २०१८ च्या महापुरानंतर केरळातील असंख्य विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकावी लागली. रोगराई टाळण्यासाठी ते आवश्यकच होते. लेकरांच्या जिवापुढे माशाचा विचार कोण करील? परंतु जंतू मारणारे औषध माशालाही सोडीत नाही. म्हणून खरा उपाय औषधाच्या आधीचा आहे. शौचकूप विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. शेणखताचा ढीग काठावर नसावा. कीटकनाशकांचे डबे आडाजवळ धुऊ नयेत. जांभ्याच्या भूमीत ही दक्षता दुप्पट घ्यावी.

विहीर उपसताना गाळाबरोबर एखादा विचित्र जीव वर आला, तर तो फेकून देण्यापूर्वी क्षणभर थांबून जवळच्या महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या अध्यापकांना दाखवावा. ज्या पाण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या जगला, तेच पाणी घरातील तान्ह्या मुलाच्या ओठी लागते. तो जिवंत वर आला, ही त्या घराला आनंदाची वार्ता समजावी.