आमच्या अभ्यासिकेची बातमी

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि संध्याकाळी लालबागला आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत असतो. एक खोली, चौदा खुर्च्या. आज बोलूया छोट्या संस्थेची बातमी पेपरात येते कशी, आणि आल्यावर होतं काय.

आमची पहिली प्रेस नोट दोन पानी होती. निम्मी 'सन्माननीय' आणि 'यांच्या शुभहस्ते'. कुठेच छापून आली नाही. आम्ही म्हटलं, लालबाग म्हणजे पेपरवाल्यांना फक्त दर्शनाची रांग दिसते. पण खरं सांगू? ती नोट मीसुद्धा वाचली नसती.

मग बग रिपोर्ट लिहितो तशी लिहिली. काय, कुठे, कधीपासून, कुणाला फरक पडतो, हे पहिल्या चार ओळींत. चाळीत दहा बाय दहाच्या घरात टीव्ही चालू असताना बारावीचा अभ्यास होत नाही, म्हणून ही खोली रात्री बारापर्यंत उघडी असते. बस, एवढंच.

काही साध्या गोष्टी. मजकूर युनिकोडमध्ये आणि थेट ईमेलमध्ये द्या. जुन्या फॉन्टची फाइल समोरच्याकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात. दुपारच्या आत पाठवा. फोटोखाली डावीकडून कोण ते लिहा. आणि जो खरंच फोन उचलतो त्याचाच नंबर द्या. गणपतीत मात्र जपून. एरवी त्या दिवसांत आपल्याला जागा मिळणं कठीण. पण त्याच दिवसांत 'लोकसत्ता'चा 'सर्व कार्येषु सर्वदा' उपक्रम असतो. त्यात सामाजिक संस्थांची ओळख छापून येते आणि वाचक त्यांना मदत पाठवतात. तिथले लेख वाचा. काम नेमकं कसं चालतं ते कळतं, हार-तुरे नसतात.

आता चूक सांगतो. दुसऱ्या वेळी पत्रकार आले. 'एखाद्या मुलाची गोष्ट आहे का?' असं त्यांनी विचारलं. मी उत्साहात एकाची सांगून टाकली. वडिलांची नोकरी गेलेली, घरावर कर्ज. दुसऱ्या दिवशी बातमी आली, फोटोसकट. दोन पंखे मिळाले, पुस्तकं मिळाली. तो मुलगा मात्र यायचा बंद झाला.

आठवड्याने त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "दादा, कर्जाचं आमच्या नातेवाइकांनाही माहीत नव्हतं." मी काय बोलणार? पत्रकारांनी त्यांचं काम केलं होतं. विचारायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. माफी मागितली. परीक्षेच्या आधी तो परत आला, पण माझ्याशी पूर्वीसारखा बोलत नाही.

आता आमचा नियम आहे. मुलाला आणि घरच्यांना आधी विचारायचं, काय छापून येऊ शकतं ते समजावायचं, आणि 'नाही' म्हणाले तर विषय संपला. गोष्ट हवीच असेल तर आम्ही खोलीची सांगतो. चौदा खुर्च्या, आणि बाहेर जिन्यावर बसून वाट बघणारी पोरं. तीही छापून येते, बरं का.

तुमच्या संस्थेचा अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!