भ्रमणध्वनी आणि भ्रमण
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)





मंडळाने मला विषय दिला आहे 'तरुण वाहनचालक आणि मोबाईल'. मागच्या रांगेने मुकाट्याने ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रांगेने समाधानाने मान डोलवायची, असाच हा विषय समजला जातो. पण आज मी निम्मे बोलणे पुढच्या रांगेशी करणार आहे. तेव्हा आईवडिलांनीही सावध होऊन बसावे, ही विनंती.

मोबाईलला आपण मराठीत 'भ्रमणध्वनी' म्हणतो. शब्द छानच आहे. पण त्याचा अर्थ तो भ्रमण करताना, म्हणजे गाडी चालवताना वापरावा, असा कोणी घेऊ नये!

आधी थोडे गणित. ताशी ४० किलोमीटर हा काही फार वेग नव्हे. आमापाऱ्याहून जयस्तंभाकडे जाताना रस्ता जरा मोकळा मिळाला की कोणतीही स्कूटी सहज तेवढी पळते. या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या संस्थेने ट्रकचालकांच्या गाडीत कॅमेरे बसवून अभ्यास केला आणि २००९ साली निष्कर्ष जाहीर केले. मेसेज लिहिताना चालकाची नजर सहा सेकंदांपैकी जवळजवळ साडेचार सेकंद रस्त्यावर नव्हती. आपल्या स्कूटीच्या हिशेबाने हे अंतर झाले सुमारे ५० मीटर, म्हणजे क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या. डोळे मिटून एवढे अंतर स्कूटी चालवून दाखव म्हटले, तर तुमच्यापैकी एकही जण तयार होणार नाही. पण "बस, ओके एवढंच लिहिलं" म्हणताना आपण तेच करत असतो.

आणि त्या ५० मीटरमध्ये आपल्या रायपुरात काय काय येऊ शकते? तात्यापाऱ्याच्या अरुंद रस्त्यावर दुकानातून एकदम बाहेर पडणारा माणूस येतो. रिंग रोडवर उरला-सिलतऱ्याहून लोखंड भरून निघालेला ट्रक येतो. आणि पावसाळ्यात, विशेषतः रात्री, ओल्या मातीपेक्षा कोरडे डांबर बरे म्हणून रस्त्याच्या मधोमध बसलेली गुरे! काळी गाय अंधारात समोर बघत असतानाही उशिरा दिसते. मोबाईलच्या उजेडाने दिपलेल्या डोळ्यांना ती दिसणार कशी? नवा रायपूरचे रुंद, मोकळे रस्ते तर जास्तच फसवे. तिथे समोर कोणी नाही म्हणून हात खिशाकडे जातो, आणि वेग मात्र साठ-सत्तरचा असतो.

काही मुले म्हणतील, "काका, आम्ही हातात धरतच नाही." बरोबर आहे. कोणी हेल्मेटमध्ये खुपसतो, कोणी स्कार्फमध्ये खोचतो, कोणी कानात इअरफोन घालतो. हात मोकळे राहतात, पण मन मोकळे राहत नाही. युटा विद्यापीठातील संशोधकांनी याचे बरेच प्रयोग केले आहेत. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्या चालकाचेही लक्ष ढळते. डोळ्यांसमोर असलेली वस्तू त्याच्या मेंदूत नोंदलीच जात नाही. मग शेजारी बसलेल्याशी बोलले तर? फरक असा की शेजारचा माणूसही रस्ता पाहत असतो. चौक आला की तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला चौक दिसत नाही.

१२ सप्टेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ येथे लोकल गाडी लाल सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली. २५ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत निष्पन्न झाले की गाडीचालक फोनवर मेसेज करत होता, आणि त्याचा शेवटचा मेसेज टकरीच्या २२ सेकंद आधी गेला होता. आगगाडीला स्टिअरिंग नसते, ती रुळांवरूनच जाते. तिथेही लक्ष ढळल्याची एवढी किंमत मोजावी लागली, तर दोन चाकांवरच्या माणसाने काय धडा घ्यावा?

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, आणि दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातील. म्हणजे ज्यांच्यावर घर उभे असते किंवा उभे राहायचे असते, तीच माणसे.

कायद्याचेही सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही. २०२० च्या नियमाने रस्ता पाहण्यापुरती सवलत दिली, तीही लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. आता पुढच्या रांगेने ऐकावे. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरताच असतो. आपल्या दारातल्या बहुतेक स्कूट्या शंभर सीसीच्या पुढच्या आहेत. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

पण माझा मुख्य मुद्दा दंडाचा नाही. मुलगा क्लासहून निघाला की त्याच्या खिशातला फोन वाजतो तो कोणाचा? बहुतेक वेळा घरचाच! "कुठे आहेस? किती वेळ? येताना कोथिंबीर आण." मुलाने उचलला नाही की दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. पोर बिचारे घाबरते, आईचे तीन मिस्ड कॉल म्हणजे काहीतरी झालेच असेल, असे वाटून चालत्या गाडीवर फोन काढते. काळजी मायेपोटीच असते, हे मान्य. पण त्याच मायेने आपण लेकराची नजर रस्त्यावरून काढून घेतो.

म्हणून घराघरात एक साधा करार करा. निघताना मुलाने "निघालो" असा मेसेज करावा आणि फोन डिकीत टाकावा. पोहोचल्यावर "पोहोचलो" म्हणावे. या दोन मेसेजच्या मध्ये घरच्यांनी फोन करायचा नाही. फारच निकड असेल तर पहिला प्रश्न "गाडीवर आहेस का?" हा असावा. "हो" असे उत्तर आले तर "बाजूला थांबून कर" म्हणून आपणच फोन ठेवावा. मुलांनीही फोन न उचलण्याला उद्धटपणा समजू नये, आणि मोठ्यांनी तर मुळीच नाही. मागे कोणी बसले असेल तर फोन त्याच्या हाती द्यावा. ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसायच नकाशा पाहून सामान पोहोचवण्याचा आहे, त्यांनी रस्ता निघण्यापूर्वीच पाहून घ्यावा, आणि चुकला तर कडेला थांबावे. दोन मिनिटे उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक रागावेल, पण सामान हाती पडेल.

आणि बाबांनो, वडीलधाऱ्यांनो, मान वाकडी करून खांद्यावर फोन धरत स्कूटर चालवणारे आपणच असू, तर हे व्याख्यान पोरांना ऐकवून काय उपयोग? मुले सांगितलेले विसरतात, पाहिलेले विसरत नाहीत.

अनंत चतुर्दशीनंतर रात्रभर झाँकी निघतील, महादेव घाटावर गर्दी लोटेल. चालत्या गाडीवरून व्हिडिओ काढण्याचा मोह होईल. झाँकी जरूर बघा, पण गाडी लावून, पायी, डोळे भरून बघा.

आपल्या बाप्पाच्या हातात मोदक आहे, तसा अंकुशही आहे. मोदक आपण सगळेच मागतो. यंदा थोडा अंकुशही मागू या, आणि तो आधी स्वतःच्या हातावर चालवू या.



गणपती बाप्पा मोरया!