स्वेटर, विंडचीटर आणि कालचं वर्तमानपत्र

ज्याने निफाडची पहाट स्कूटरवर काढली नाही, त्याने थंडीच्या गोष्टी सांगू नयेत. माझी पंचवीस वर्षं त्या रस्त्यावर गेली. अम्मीने विणलेला जाड स्वेटर असूनही मी कुडकुडायचो. दोष लोकरीचा नव्हता. लोकर अंगाची ऊब विणीतल्या हवेत धरून ठेवते. गाडी पळू लागली की वारा ती हवाच पळवून नेतो. एका दूधवाल्याने उपाय सांगितला : स्वेटरच्या आत, छातीवर कालचं वर्तमानपत्र. (रविवारची पुरवणी अधिक उबदार!) पुढे स्वेटरवर विंडचीटर आलं.

हेल्मेटखाली जाड कानटोपी नको, हेल्मेट नीट बसत नाही. मफलरची टोकं आत खोचा. चाकाला त्यांचा मोह फार.

हातमोज्यांत मात्र कंजुषी नको. एका जानेवारीत बोटं इतकी बधिर झाली, की ब्रेक दाबला की नाही तेच कळेना. समोर उसाची बैलगाडी. थोडक्यात वाचलो. घरी सांगितलं, तर अम्मी काही बोलली नाही. उरलेली लोकर काढून बसली. तिच्या मोज्यांतून वारा शिरायचा. गल्लीच्या वळणावर मी त्यांवरून रेक्झिनचे मोजे चढवायचो. हे तिला कधी सांगितलं नाही.